करोडगिरीची पावती

आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत तळाशी एक पावती आहे. पंजाएवढा कागद, घडीवर विरलेला, एका कडेला कसरीने खाल्लेला. छापलेली अक्षरं उर्दू, शाईने भरलेलीही उर्दूच. पाठीमागे आजोबांच्या हातच्या मोडीच्या दोन ओळी. घरात सगळ्यांना ठाऊक होतं ते एवढंच, की थोरल्या आत्याच्या लग्नासाठी येवल्याहून पितळी हंडा आणला आणि वैजापूरच्या हद्दीत शिरताना नाक्यावर त्याची करोडगिरी भरली, तिची ही पावती. करोडगिरी म्हणजे निजामाच्या राज्याचं जकात खातं. तारखेच्या जागी महिना बहमन, सन १३४९ फसली. आपल्या हिशेबाने १९३९ संपून १९४० लागत होतं ते दिवस.

आता वैजापुरातून येवल्याला निघालं तर वाटेत थांबायचं ते चहापुरतं. नाशिक जिल्हा कधी लागला हे पाटी वाचली तरच कळतं. जांबरगावला समृद्धी महामार्गावर चढलं की कोपरगावची शीव कधी ओलांडली ते गाडी चालवणाऱ्यालाही सांगता यायचं नाही. त्या रस्त्याने शिर्डीला जाताना नातीने विचारलं, "आबा, पूर्वी लोक कसे जायचे इकडे?" म्हटलं, "बैलगाडीने. आणि मध्ये दुसरं राज्य लागायचं." तिला वाटलं, मी गोष्ट सुरू केली. ती पुढचं ऐकायला सरसावून बसली.

वैजापूर तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या पश्चिम टोकाला होता. पश्चिमेला येवला, दक्षिणेला गोदावरीपलीकडे नगर जिल्हा, हा सगळा मुलूख इंग्रजांचा. आमची म्हातारी माणसं अलीकडच्या भागाला मोगलाई म्हणत आणि पलीकडच्याला नुसतं 'इंग्रजी'. पोरगी इंग्रजीत दिली म्हणजे नदीपलीकडे दिली. बैल इंग्रजीतून आणले म्हणजे येवल्याच्या नाहीतर कोपरगावच्या बाजारातून. ही बोली मी माझ्या कानांनी ऐकली आहे, १९६५-७० पर्यंत, जेव्हा मोगलाईही नव्हती आणि इंग्रजही नव्हते.

मी १९५५ चा. जन्मलो तो हैदराबाद राज्यात. दोन वर्षांचा व्हायच्या आत, १ नोव्हेंबर १९५६ ला, आम्ही मुंबईच्या द्विभाषिक राज्यात गेलो. १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलो आणि पुढच्या वर्षी शाळेत माझं नाव घातलं. या सगळ्या काळात आमचं घर जिथल्या तिथे होतं, अंगणातला कडुनिंब जिथल्या तिथे होता. आजोबांनी त्याच ओट्यावर बसून निजामाची आसफजाही पाहिली, मग लष्करी राजवट, मग निवडून आलेलं हैदराबादचं सरकार, मग मुंबई, मग महाराष्ट्र. पाच अंमल, एक ओटा.

सरहद्दीवर असणं आमच्या तालुक्याच्या नशिबी फार आधीपासून आहे. पालखेड आमच्याच तालुक्यातलं. दिंडोरीकडचं धरणाचं पालखेड वेगळं. इथेच फेब्रुवारी १७२८ मध्ये पहिल्या बाजीरावाने निजाम-उल-मुल्काच्या फौजेला अन्नपाण्यावाचून कोंडलं. निजामाचा तोफखाना मागे राहिलेला, बाजीरावाची घोडदळं खानदेश-गुजरातेपर्यंत हुलकावणी देऊन परत फिरलेली. ६ मार्चला मुंगी-शेवगावला तह झाला आणि निजामाने दख्खनच्या सहा सुभ्यांवरचा छत्रपती शाहूंचा चौथाई-सरदेशमुखीचा हक्क मान्य केला. दुसऱ्या महायुद्धातला इंग्रज सेनानी माँटगोमेरी याने युद्धाच्या इतिहासावर लिहिताना या मोहिमेची वाखाणणी केली आहे. दख्खनमध्ये दोन सत्तांनी एकमेकींना कसं वागवायचं, याचा एक मोठा फैसला आमच्या ज्वारीच्या रानात झाला, हे मला शाळेत असताना कुणी सांगितलं नाही. आज सांगतात, आणि ते बरं झालं.

हैदराबाद म्हणजे नुसतं एक संस्थान नव्हतं. ब्याऐंशी हजार चौरस मैलांहून मोठा मुलूख, १९४१ साली एक कोटी साठ लाखांवर माणसं. सोळा जिल्हे: आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कानडी. निम्म्याच्या आसपास प्रजा तेलुगू बोलणारी, चौथा हिस्सा मराठी, आणि कारभार उर्दूत. फौजेत अरब, रोहिले, हबशी, बाजारात मारवाडी, डोंगरात भिल्ल, तांड्यांवर लमाण. टपालाची तिकिटं स्वतःची, रेल्वे स्वतःची, १९४५ पासून डेक्कन एअरवेज नावाची विमान कंपनीही. कागदी नोटा छापण्याची मुभा इंग्रजांनी याच एका संस्थानाला दिली होती. आणि जकात? तीही कुणा सुभेदाराच्या लहरीने बसलेली नव्हती. १८०२ साली निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात व्यापाराचा तह झाला आणि मालाच्या किमतीवर शेकडा पाच असा दर ठरला. त्या पावतीकडे पाहताना मला हे नेहमी आठवतं. आत्याच्या हंड्यावर पडलेला तो छोटा आकार दोन दरबारांच्या तहातून झिरपत आमच्या नाक्यापर्यंत आला होता.

इतकं असूनही निजाम स्वतंत्र राजा नव्हता. वऱ्हाड इंग्रजांनी १८५३ मध्ये त्याच्याकडून घेतला होता. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने तो परत मागताना आपण ब्रिटिश सरकारच्या बरोबरीने बोलतो आहोत असा सूर लावला, तेव्हा १९२६ साली व्हाइसरॉय रीडिंगने त्याला लेखी बजावलं, की हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सर्वश्रेष्ठ आहे आणि कुणीही संस्थानिक तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करू शकत नाही. पुढे १९३६ च्या करारात वऱ्हाडवर निजामाचं नावापुरतं स्वामित्व मान्य झालं आणि त्याच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली.

या युवराजाचं, आझम जाहचं, लग्न १९३१ मध्ये फ्रान्सच्या नीस शहरात झालं होतं. वधू दुर्रूशेवार, पदच्युत झालेला शेवटचा उस्मानी खलिफा अब्दुल मजीद याची मुलगी. या सोयरिकीची एक खूण आमच्या जिल्ह्यात उभी आहे. खुलताबादजवळ, सुलिभंजनच्या बाजूला, खलिफासाठी कबरीची वास्तू बांधली गेली. तो १९४४ मध्ये पॅरिसला वारला आणि शेवटी दफन झाला मदिनेत. खुलताबादची कबर रिकामीच राहिली. मी दोनदा तिथे जाऊन आलो. आजूबाजूला गुरं चरत होती, खाली उन्हात रान पसरलेलं होतं. इस्तंबूल, नीस, पॅरिस, मदिना आणि आमचा खुलताबादचा डोंगर एका धाग्यात ओवले गेले होते, आणि त्या काळी वैजापूरच्या बाजारात माणसं हंड्याच्या जकातीवर घासाघीस करत होती. दोन्ही एकाच राज्यात.

नाक्याचं खरं वर्णन आत्याच्या तोंडून ऐकावं. लग्नाचा बस्ता बांधायला बायामाणसं येवल्याला गेली. परत येताना नवी लुगडी नेसून यायचं ठरलं. नवं आतून, जुनं वरून. अंगावरच्या वस्त्राला जकात नव्हती. "थंडीचे दिवस होते म्हणून निभावलं," आत्या सांगायची, "नाहीतर दोन-दोन लुगड्यांत जीव गेला असता." नाक्यावरच्या शिपायाला हे कळत होतं. बायका एकाएकी जाड झालेल्या त्याला दिसत होत्या. तो मान वळवून बैलांच्या पाण्याची चौकशी करू लागला. हंडा मात्र लपवता येईना. गाडीत गवताखाली ठेवला तरी चाक खड्ड्यात गेलं की तो घुमायचा.

पैशाचंही तसंच. येवल्यात कलदार चाले, इंग्रजांचा रुपया. वैजापुरात चारमिनार छापलेला हाली सिक्का. सात हाली म्हणजे सहा कलदार. हा हिशेब आजी बोटांवर करायची आणि म्हातारपणीही भाजीवाल्याशी बोलताना मध्येच विचारायची, "हाली की कलदार?" तोवर दोन्ही बंद होऊन बरीच वर्षं झालेली. आम्ही मुलं हसायचो. आता वाटतं, तिच्या डोक्यात एक अख्खं परराष्ट्र-व्यवहाराचं खातं होतं. चार यत्तासुद्धा न शिकलेल्या बाईला दोन चलनं, दोन कायदे, दोन पंचांगांखेरीज तिसरी एक फसली कालगणना हाताळावी लागत होती, आणि ती हाताळत होती.

फसली महिने मला शिकवले मुन्शीजींनी. आजोबा त्यांना मुन्शीजी म्हणत, आम्ही पोरं चाचा म्हणायचो. तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली त्यांची बैठक. उतरत्या झाकणाची पेटी, शाईची दौत, टाक, आणि टिपकागदाऐवजी बारीक वाळूची डबी. ते अर्जनवीस. माणूस मराठीत आपलं गाऱ्हाणं सांगे: बांध कोरला, बैल सोडून नेला, भावाने हिस्सा दिला नाही. चाचा डोळे मिटून ऐकत. मग उर्दूत अर्जी लिहीत, उजवीकडून डावीकडे, एकही शब्द न खोडता. लिहून झालं की तीच अर्जी त्याला मराठीत वाचून दाखवत. "असंच म्हणायचं होतं ना, पाटील?" पाटील मान हलवायचे. मी पाहिलं तेव्हा कारभार मराठीत होऊन बरीच वर्षं झाली होती आणि चाचांकडे उलटं काम येत होतं, जुनी उर्दू कागदपत्रं मराठीत करून देण्याचं. समोरच्या दगडावर बसवून ते माझ्याकडून पाठ करून घेत: आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दीबेहिश्त, खुर्दाद, तीर, अमर्दाद, शहरेवर, मेहर, आबान. आजूर म्हणजे ऑक्टोबर लागला. हे बारा महिने मला अजून येतात. एवढंच येतं. अक्षर वाचायला शिकायचं राहून गेलं, आणि ती खंत जात नाही.

त्या काळाबद्दल गहिवरून लिहिताना मला वडिलांचा चेहरा आठवतो आणि हात थांबतो. त्यांना घरची भाषा मराठी, शाळेत पुढे जायचं तर उर्दू. गणित उर्दूत, इतिहास उर्दूत. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये निघालं ते उर्दू माध्यमाचं. देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, पण प्रजेतल्या बहुसंख्यांची ती भाषा नव्हती. गश्ती निशाण ५३ नावाचं सरकारी परिपत्रक होतं: परवानगीशिवाय सभा घ्यायची नाही. म्हणून माणसं साहित्याच्या, शिक्षणाच्या नावाने जमू लागली. महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन १९३७ साली परतूरला झालं. तशाच तेलुगू भागात आंध्र महासभा, कानडी भागात कर्नाटक परिषद. तिन्ही मिळून पुढच्या वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस झाली आणि उभी राहायच्या आतच तिच्यावर बंदी आली. त्याच १९३८ मध्ये 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांना वसतिगृहातून आणि कॉलेजातून काढलं, आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना जवळ केलं. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, दिगंबरराव बिंदू ही नावं वडील घेत तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. स्वामीजी मूळचे कानडी घरातले, गोविंदभाई गुजराती. मराठवाड्याच्या मुक्तीची गोष्ट एकट्या मराठी माणसांची नव्हती, हे वडील आवर्जून सांगत.

मग आलं १९४७. इंग्रज जाणार म्हटल्यावर जूनमध्ये निजामाने फर्मान काढलं की आपण ना हिंदुस्थानात जाणार, ना पाकिस्तानात. आपण स्वतंत्र राजे. २९ नोव्हेंबरला भारत सरकारशी एक वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. कन्हैयालाल मुन्शी भारताचे एजंट जनरल म्हणून हैदराबादेत गेले. निजामाच्या बाजूने सल्ला द्यायला लंडनचे नामांकित वकील वॉल्टर मॉन्क्टन. हैदराबादने पाकिस्तानला वीस कोटींचे कर्जरोखे देऊ केले. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक रात्रीच्या अंधारात कराचीहून शस्त्रं आणून उतरवू लागला. आणि इकडे लातूरच्या कासीम रझवीचे रझाकार गावोगाव फिरू लागले. ज्या हद्दीवर आत्याने दोन लुगडी नेसून शिपायाला चकवलं होतं, तिथे आता बंदुका आल्या. मीठ, रॉकेल, औषधं अलीकडे मिळेनात. हद्दीपलीकडे मनमाड, बार्शी, उमरखेड अशा ठिकाणी स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प उभे राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात आमचं घर कोपरगावकडे गेलं. पात्रात पाणी कमी होतं, बैलगाडी उतरून गेली. घराची किल्ली आजोबांनी आमच्या मुन्शीजींकडे दिली. आजी एवढंच म्हणायची, "देवघरातला दिवा लावायला कुणी नव्हतं, पण घरातली एक वाटी हलली नाही."

वैजापूरची माणसं नदीपलीकडे ओसऱ्यांवर दिवस मोजत होती, त्याच दिवसांत त्यांच्या राज्याचा प्रश्न जगाच्या चावडीवर गेला. २१ ऑगस्ट १९४८ ला हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे भारताविरुद्ध तक्रार दिली. ११ सप्टेंबरला कराचीत जीना वारले. १३ ला भारतीय फौज पाच बाजूंनी आत शिरली. दुसऱ्याच दिवशी औरंगाबाद शरण आलं. १६ तारखेला पॅरिसमध्ये परिषद या प्रश्नावर बसली तेव्हा हैदराबादचे मोईन नवाज जंग बोलायला उभे होते, आणि ज्याच्या वतीने ते बोलत होते ते राज्य आणखी एका दिवसाचं सोबती होतं. १७ ला निजामाने शस्त्रं खाली ठेवली, १८ ला जनरल एल इद्रूस जनरल चौधरींना शरण गेले. पुढे निजामाने तक्रार मागे घेतली, तरी 'हैदराबादचा प्रश्न' म्हणून तो विषय परिषदेच्या यादीवर कित्येक दशकं पडून राहिला. त्याच धामधुमीत लंडनच्या बँकेत पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावे वळवलेल्या दहा लाख पौंडांचा खटला तर अगदी परवापर्यंत चालला. त्याचा निकाल लागला ऑक्टोबर २०१९ मध्ये, निजामाचे वारस आणि भारत यांच्या बाजूने. दहा लाखांचे तोवर साडेतीन कोटी झाले होते. ती बातमी वाचली तेव्हा मी पेटी उघडून पावती पुन्हा पाहिली.

आमची माणसं परत आली, गुलाल उधळला गेला. १७ सप्टेंबर आमच्याकडे खरा स्वातंत्र्यदिन. तिरंगा आपण वर्षभर उशिराने पाहिला, ही भावना अजून आहे आणि ती खरी आहे. पण त्याच्या पुढच्या आठवड्यांबद्दल बोलायला घरात सगळेच कचरत. फौज आल्यावर मराठवाड्यात आणि कानडी जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने गावोगाव फिरून अहवाल दिला: किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मेली असावीत, उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड हे जिल्हे सर्वांत होरपळलेले. तो अहवाल पासष्ट वर्षं लोकांसमोर आला नाही. रझाकारांनी जाळलेली गावं आपण शाळेत शिकवतो, शिकवलीच पाहिजेत. ही दुसरी गावंही आपलीच होती. आजीकडून मला यातलं एकच वाक्य मिळालं: "महिनाभर मुन्शीजींच्या घरात दिवा लागत नव्हता, आणि आपल्या माजघरात जास्तीची अंथरुणं पडत."

राज्य गेलं, हद्द एकदम गेली नाही. तिने जागा बदलल्या. माझ्या लहानपणी ती मनमाडला होती. निजामाची रेल्वे मीटरगेज. रोटेगावला छोट्या गाडीत बसायचं, नगरसोल, अंकाई करत मनमाडला उतरायचं, आणि पूल ओलांडून मुंबईची मोठी गाडी पकडायची. माणसं बदलायची तसा मालही. कापसाच्या गासड्या, गुळाच्या भेल्या हमाल एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवत. वडील म्हणत, "इथे अजून करोडगिरी चालू आहे, फक्त पावती देत नाहीत." ब्रॉडगेजसाठी मराठवाड्याने आंदोलनं केली, माणसं तुरुंगात गेली. मनमाड-औरंगाबादचे रूळ रुंद झाले ते १९९० नंतर. आता रोटेगावहून डबा न बदलता मुंबई गाठता येते.

निजामाच्या काळी, १९४१ साली, निघालेली हैदराबाद स्टेट बँक पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली. मराठवाड्यातल्या तालुक्या-तालुक्यांत तिच्या पाट्या होत्या. पेन्शनवाले तिला नुसतं 'हैदराबाद' म्हणत: "उद्या हैदराबादला जायचंय," म्हणजे चौकापर्यंत. १ एप्रिल २०१७ ला ती मोठ्या स्टेट बँकेत मिळाली आणि पाटी उतरली. जमिनीच्या कायद्यात मात्र जुनं राज्य अजून नांदतंय. आमच्याकडे कुळाचा दावा निघाला की तो मुंबईच्या कायद्याने नव्हे, १९५० च्या हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याने चालतो. इनाम जमिनीचा १९५४ च्या हैदराबाद कायद्याने. पुण्याहून आलेला वकील इथे पहिल्यांदा उभा राहतो तेव्हा तो हे कायदे नव्याने चाळतो. पलीकडे मामलेदार, तलाठी म्हणत तेव्हा आमच्याकडे तहसीलदार, पटवारी, गिरदावर. अजूनही म्हातारे तलाठ्याला पटवारीच म्हणतात.

आणि पाणी. दर ऑक्टोबरात जायकवाडीत साठा पासष्ट टक्क्यांच्या खाली असला की नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही यावरून जुनी हद्द पुन्हा उगवते. मोर्चे निघतात, कोर्टात तारखा पडतात. 'आमचं पाणी', 'तुमचं पाणी'. वैजापूरची पंचाईत वेगळीच आहे. नांदूर-मधमेश्वरचा जलदगती कालवा नाशिक जिल्ह्यातलं पाणी आमच्या शिवारात आणतो, आणि भांडण मात्र आम्ही मराठवाड्याच्या बाजूने करतो. ही रेघ मला सोसत नाही. गोदावरीच्या पात्रातल्या सराला बेटावर गंगागीर महाराजांच्या सप्ताहाची परंपरा पावणेदोनशे वर्षांची आहे. नदीच्या एका काठावर निजाम आणि दुसऱ्यावर इंग्रज होता तेव्हाही दोन्ही काठांची माणसं एका पंगतीला बसत. त्या माणसांच्या नातवंडांनी पाण्याची वाटणी कोर्टात करावी, याचं वाईट वाटतं.

२०२३ च्या सप्टेंबरात मराठा आरक्षणासाठीच्या अंतरवाली सराटीच्या उपोषणानंतर सगळ्या मराठवाड्याला एकाएकी निजामाचे कागद हवेसे झाले. कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. दोन वर्षांनी, २ सप्टेंबर २०२५ ला, हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेण्याचा शासन निर्णय निघाला. तहसिलांत जुनी दप्तरं सुटली, आणि पंचाईत ही झाली की वाचणार कोण? मोडी आणि उर्दू जाणणारी माणसं शोधून आणावी लागली. ज्या लिंबाखाली एक माणूस दिवसभर एका भाषेतून दुसरीत ये-जा करत बसायचा, त्या जागेसमोर लोक झेरॉक्स हातात घेऊन वाचणारा शोधत उभे होते. मीही त्यात होतो, माझी ती एक पावती घेऊन. नोंदीसाठी नाही. मला ती एकदा पुरती वाचून घ्यायची होती.

उर्दू बाजू चाचांच्या नातीने वाचली. ती उर्दू शाळेत शिकवते. जिन्नस: पितळी भांडं, एक. ठिकाण, वजन, किंमत, रक्कम, नाक्यावरच्या कारकुनाची सही. तिने महिना वाचला, "बहमन," आणि मी पुढचं इस्फंदार म्हणालो तेव्हा ती चमकून हसली. "तुम्हालापण दादाजींनी पाठ करून घेतले?"

मोडी बाजू वाचायला तहसिलात आलेला एक तरुण मुलगा आमच्या घरी आला. नगरकडचा, मोडीचा अभ्यास केलेला. त्याने कागद खिडकीशी धरला, चष्मा कपाळावर सरकवला, आणि अक्षराअक्षराला बोट लावत वाचलं. पहिली ओळ: हंडा येवल्याचा, लग्नाबद्दल. दुसऱ्या ओळीला तो थांबला. मग म्हणाला, "काका, इथे लिहिलंय, करोडगिरीचा आकार मुन्शीजींनी भरला. देणे."

मी त्याला पुन्हा वाचायला सांगितलं. त्याने पुन्हा वाचलं. खाली आणखी काही आहे का म्हणून आम्ही दोघांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला. फिटल्याची नोंद कुठे नाही.